आडनावाचा रकाना

गेल्या दिवाळीत इंदूरहून बहिणीचा फोन आला. फराळ, सांधेदुखी, शेजारच्या काकूंची शस्त्रक्रिया असे नेहमीचे विषय संपल्यावर ती मूळ मुद्द्यावर आली. "तुझ्या भाचीने नवे खूळ काढले आहे. तू सरकारात एवढी वर्षे संगणकाचे काम करतेस, तूच तिला दोन शब्द सांग. आमचे काही ऐकत नाही."

खूळ असे की, इतिहासात एम. ए. केलेल्या, मोडी लिपी सफाईने वाचणाऱ्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकलेल्या या मुलीने सव्विसाव्या वर्षी संगणकक्षेत्रात जायचे ठरवले होते. एका खासगी संस्थेचा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम तिने हेरून ठेवला होता. शुल्क तीन लाख रुपये. जाहिरातीत नोकरीची हमी. मेहुण्यांचे म्हणणे असे की, इतिहासाच्या मुलीला तिथे विचारतो कोण? बहिणीने मात्र आवाज खाली आणून विचारले, "पाटल्या मोडाव्यात का गं?"

हा प्रश्न ऐकल्यावर मी म्हटले, तिला चार दिवस दिल्लीला पाठव. तोवर काही मोडू नकोस आणि कशावर सही करू देऊ नकोस.

भाची आली, चार दिवस राहिली. आमच्या त्या बोलण्याचा गोषवारा येथे देत आहे. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न आता वारंवार निघतो, आणि 'कला शाखा घेतली म्हणजे दार बंद' किंवा 'नऊ महिन्यांत आयुष्य बदला' या दोन टोकांच्या मध्ये फारसे कोणी बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

मी स्वतः कला शाखेची. साताऱ्याला दहावीत चांगले गुण मिळूनही मी कला शाखा घेतली, तेव्हा आळीतल्या एका आजोबांनी वडिलांना विचारले होते, "मुलगी हुशार आहे ना? मग असे का केलेत?" पुढे पुण्याला १९९२ साली अर्थशास्त्रात एम. ए. केले आणि १९९४ साली केंद्रीय सेवेत आले. मसुरीच्या अकादमीत संगणकाचा तास असे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत. शेजारी बसलेल्या अभियंता मित्रांची बोटे कळफलकावरून धावत असत आणि मी 'क्यू' हे अक्षर कोठे आहे ते शोधत असे. सरकारी नोकरीत हे काम आपल्याकडे येणार नाही, अशी मनाची समजूत घालून मी तो तास काढला.

ती समजूत पाच वर्षे टिकली. १९९९ साली सर्व कार्यालयांत 'वाय-टू-के'ची धावपळ सुरू झाली. आमच्या वरिष्ठांनी मला बोलावून विचारले, "आपण एम. ए.ला अर्थमिती केली आहे ना? मग संगणक येतच असेल." प्रशासनातील निम्म्या नेमणुका अशाच तर्काने होतात. त्या काळी आमची अर्थमिती म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आकडे भरायचे आणि आम्ही निकालाचा कागद वाचायचा. पण नकार देण्याची सोय नव्हती. समितीत बसून मला एवढे कळले की, जुन्या यंत्रांत साठवणूक महाग असल्याने सालाचे चार अंक न लिहिता दोनच लिहिण्याची पद्धत पडली होती. रकाना लहान ठेवण्याचा कोणीतरी घेतलेला एक सोयीचा निर्णय पुढच्या पिढीला केवढ्याला पडतो, याचा हा धडा होता. तो मी टिपणीत उत्तम लिहिला. अंगी मात्र लागला नाही, हे सात वर्षांनी सिद्ध झाले.

२००६ साली मी चेन्नईत, केंद्राच्या अखत्यारीतील एका संस्थेत, वित्त अधिकारी म्हणून प्रतिनियुक्तीवर होते. ही संस्था आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन स्वतःच देत असे. महिन्याच्या शेवटी बँकांना याद्या जात. ही सारी नोंद पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर होती. ती संगणकावर आणण्याचे काम एका खासगी कंपनीला दिले होते आणि त्यात कोणती माहिती कोणत्या रकान्यात घ्यायची, हे ठरवण्याची जबाबदारी माझी होती.

मी नावासाठी तीन रकाने केले. नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव. याहून स्वाभाविक काय असणार? साताऱ्यात, पुण्यात, शाळेच्या हजेरीपटापासून मतदारयादीपर्यंत मी नाव असेच लिहिलेले पाहिले होते. एकाच व्यक्तीला दोनदा निवृत्तिवेतन जाऊ नये म्हणून मी टिपणीत आणखी एक वाक्य घातले: 'यांपैकी कोणताही रकाना रिकामा सोडता येणार नाही.'

कंपनीकडून आलेला अभियंता तिशीच्या आतला, अबोल, स्थानिक तमिळ मुलगा होता. त्याने विचारले, "मॅडम, ज्यांना आडनाव नाही त्यांचे काय करायचे?"

मी म्हटले, "शेवटचे जे असेल ते घाला."

तो म्हणाला, "कशातले शेवटचे?"

मला तो हटवादी वाटला. तंत्रज्ञ मंडळी उगाच शंका काढतात, असा माझा तेव्हा समज होता. मी त्याला सांगितले की मंजूर झालेल्या टिपणीप्रमाणे करा.

आता लिहितानाही संकोच वाटतो, कारण मला हे कळायला हवे होते. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर एक नाव आहे, विवाहानंतर सेवापुस्तकात दुसरे आहे आणि एका जुन्या बँकखात्यात या दोहोंचे मिश्रण आहे. या तिन्ही बायका एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र मी स्वतः करून दिलेले होते. तरीही दुसऱ्यांसाठी रकाने आखताना मी ते विसरले.

तमिळनाडूत असंख्य लोक आडनाव लावीतच नाहीत. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आपल्या नावाआधी लावले की झाले. विवाहानंतर अनेक स्त्रियांचे आद्याक्षर बदलते आणि पतीच्या नावाचे येते. तेलुगू लोकांत घराण्याचे नाव आधी येते, मग स्वतःचे. मेघालयातील खासी समाजात मुले आईचे कुळनाव लावतात. उत्तरेत 'देवी', 'कुमार', 'कौर' ही शेवटची पदे असतात, पण ती आपल्या अर्थाने आडनावे नव्हेत. माझे तीन रकाने महाराष्ट्रापुरते ठीक होते. त्यांच्यावर मी भारत सरकारचा शिक्का मारला होता.

पुढे जे झाले ते कोणालाही सांगता आले असते. कार्डांवरील माहिती भरण्याचे काम नगावर मोबदला घेणाऱ्या मुलांकडे होते. रकाना रिकामा ठेवला की यंत्र पुढे जाऊ देत नसे, म्हणून कोणी तिथे आद्याक्षर टाकले, कोणी नुसते टिंब दिले, कोणी नावच पुन्हा लिहिले. काहींनी आद्याक्षराचा विस्तार आपल्या अंदाजाने केला. त्यानंतर आम्ही बँकांकडून खातेदारांच्या याद्या मागवून नावे पडताळली. जी जुळली नाहीत, ती प्रकरणे यंत्राने 'तपासणीसाठी' म्हणून बाजूला ठेवली. त्या प्रकरणांची यादी कोणी मागितली तरच निघत असे. ती कोणीही मागितली नाही, कारण अशी यादी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

पाचव्या महिन्यात एक सत्तरीच्या बाई कार्यालयात आल्या. त्यांचे पती संस्थेत पहारेकरी होते. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पासबुक, निवृत्तिवेतनाचा जुना आदेश आणि पतीचा कडा झिजलेला फोटो. आधी त्या बँकेत चार वेळा जाऊन आल्या होत्या. बँकेने सांगितले, वरून पैसे येत नाहीत. आमच्या खिडकीवर सांगितले गेले, पैसे पाठवले जातात. घरातला पितळेचा हंडा आणि कानातले गहाण पडल्याचे आमच्या अधीक्षकांनी मला इंग्रजीत, हळू आवाजात सांगितले. माझे तमिळ तेव्हा भाजी घेण्यापुरते होते. त्या बाई माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाल्या. अधीक्षक क्षणभर थांबले आणि मग त्यांनी भाषांतर केले: "त्या विचारत आहेत, माझे नाव चुकले आहे का?"

त्या दिवशी दुपारी आम्ही ती यादी पहिल्यांदा काढली. तीत १३१ नावे होती.

मी कंपनीला तातडीने बदल करायला सांगितले. उत्तर आले की हा मूळ रचनेतील बदल आहे, तीन महिने लागतील आणि वेगळे शुल्क पडेल. हे खरे की खोटे, हे मला कळत नव्हते. बारा वर्षांच्या सेवेत मी कंत्राटदारांची देयके तपासली होती, दरांची छाननी केली होती, एका बांधकामातील सिमेंटचा हिशेबही पकडला होता. पण येथे कोणी मला 'तीन महिने' म्हटले तर ते तीन महिनेच, आणि 'तीन तास' म्हटले तर तीन तासच. माझी सही ज्या गोष्टीखाली होती, ती गोष्ट मला वाचता येत नव्हती. मला संगणकाकडे वळवले ते या नामुष्कीने. आवड वगैरे नंतरची.

त्या संध्याकाळी मी 'ओ लेव्हल' परीक्षेची दोन पुस्तके घेऊन घरी गेले. वय सदतीस. मुलगा तिसरीत होता. त्याचा अभ्यास आणि माझा अभ्यास एकाच जेवणाच्या टेबलावर चाले. त्या अबोल अभियंत्याची मी आधी माफी मागितली आणि मग, कार्यालय सुटल्यावर रोज एक तास शिकवाल का, असे विचारले. तो संकोचला, पण हो म्हणाला. माहिती ज्या तक्त्यांमध्ये साठवलेली असते त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा, म्हणजे एसक्यूएल, मी त्याच्याकडून शिकले. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला तो नियम दाखवला. 'नॉट नल', एवढे दोनच शब्द होते. ते काढायला पाच मिनिटेही लागली नसती.

पण लगेच त्याने मला दुसरी गोष्ट दाखवली, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. नियम पाच मिनिटांत जाईल. नियमामुळे जे खोटे भरले गेले ते जाणार नाही. टिंब कोठे आडनावाच्या जागी आहे आणि आद्याक्षर कोठे वडिलांचे आहे, कोठे पतीचे, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नव्हते. त्यासाठी प्रत्येक पिवळे कार्ड पुन्हा माणसाने पाहायला हवे होते. कंपनीचे 'तीन महिने' सर्वस्वी लबाडीचे नव्हते, फक्त त्यांचे कारण चुकीचे सांगितले होते. थांबलेली देणी आम्ही हाताने याद्या करून दहा दिवसांत दिली. कार्डे तपासून पुरी व्हायला चार महिने लागले. मी माझ्या चुकीची टिपणी लिहून वर पाठवली. तिच्यावर 'पाहिले' असा शेरा आला. त्या बाईंना मात्र पाच महिन्यांचे व्याज देण्याची तरतूद नियमांत नव्हती.

हे सारे ऐकून भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे कला शाखेच्या माणसाने चूक केली आणि अभियंत्याला आधीच कळले होते. मग यातून मी काय घ्यायचे?"

प्रश्न रास्त होता. कला शाखेची माणसे संवेदनशील आणि तंत्रज्ञ कोरडे, असले काही मी तिला सांगणार नव्हते. योग्य प्रश्न त्या मुलानेच विचारला होता, कारण त्या नावांच्या जगात तो वाढला होता. मी अर्थशास्त्राची पदवी असून तो प्रश्न ऐकला नाही.

तरीही, पुढच्या कामात माझ्या विषयाने मला काय दिले आणि काय दिले नाही, हे मी तिला हिशेबाने सांगितले. पहिली गोष्ट, प्रलोभनांचा विचार. नगावर मोबदला आणि सक्तीचा रकाना एकत्र आले की माणूस खोटी माहिती भरणारच. त्याला ताकीद देऊन उपयोग नाही, रचना बदलावी लागते. दुसरी गोष्ट, संख्याशास्त्रात शिकवतात तो दोन प्रकारच्या चुकांचा भेद. एकाला दोनदा पैसे जाणे ही एक चूक. हक्काच्या माणसाचे पैसे अडणे ही दुसरी. एक चूक कमी करायला गेले की बहुधा दुसरी वाढते. पहिलीत सरकारचे थोडे नुकसान होते आणि ते वसूल करता येते. दुसरीत पितळेचा हंडा जातो. कोणती चूक स्वस्त मानायची, हा प्रश्न यंत्राचा नाही. पुढे २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरणाची व्यवस्था देशभर आली, तेव्हा अनेक बैठकांत मी हाच मुद्दा मांडत राहिले, आणि यंत्राने अडवलेल्यांची यादी दर आठवड्याला कोणाच्या तरी टेबलावर आपोआप गेलीच पाहिजे, हा आग्रह धरला.

माझ्या शिक्षणाने जे दिले नव्हते, तेही सांगितले पाहिजे. काटेकोरपणा दिला नव्हता. निबंधात एखादे वाक्य थोडे सैल असले तरी परीक्षक अर्थ समजून घेतो. यंत्र घेत नाही. एक स्वल्पविराम राहिला म्हणून मी दोन तास बसून काढले आहेत आणि विशीतल्या मुलांसमोर 'मला समजले नाही' असे दिवसातून दहादा म्हटले आहे. अधिकारी म्हणून वागण्याची सवय लागलेल्या माणसाला हे फार कठीण जाते.

इतिहासाच्या मुलीसाठी मी दुसरे एक उदाहरण दिले. आज आपण संगणकावर देवनागरी सहज वाचतो. विंडोज २००० पासून ज्या 'मंगल' फॉन्टवर वर्षानुवर्षे देवनागरी उमटत आली, त्याचे रेखन र. कृ. जोशी यांचे. ते कवी, सुलेखनकार, जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक. अक्षराचा देह कसा बसतो हे जाणणारा कलावंत हवाच होता. पण त्या अक्षराला यंत्राचे नियम समजून घेऊन बसवायची चिकाटीही त्याच माणसात असावी लागली. मराठीच्या 'ऱ्य'चेच पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर. युनिकोडमध्ये हा भेद साधण्यासाठी 'ऱ' हे अक्षर वापरून वेगळी तजवीज करावी लागते. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून जिथे मराठी जाणणारे कोणी नसते तिथे तो हमखास हरवतो. माझ्या साताऱ्याच्या पत्त्यावर कितीतरी वर्षे 'र'चा रफार 'य'च्या डोक्यावर बसून येत असे.

आणि तिच्या मोडीचे काय? मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते यंत्राकडून वाचून घ्यायचे तर आधी यंत्राला शिकवणारे हवेत. मोडी वाचणारे थोडे, संगणक जाणणारे पुष्कळ, दोन्ही येणारे अगदी मोजके. "तू मोडी विसरून तिकडे जाऊ नकोस," मी म्हटले, "मोडी घेऊन जा."

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या खासगी संस्थेचा करार घेऊन बसलो. मी तिला म्हटले, हा एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे असे समज. कोणी लिहिला, कोणासाठी, कशासाठी? दोन तासांत तिने स्वतःच सारे शोधून काढले. जाहिरातीतील 'हमी' करारात 'साहाय्य' झाली होती, तेही हजेरी, गुण आणि कोणत्याही शहरात जाण्याची तयारी या अटींवर. 'सुलभ हप्ते' म्हणजे एका वित्तसंस्थेचे कर्ज होते आणि अभ्यासक्रम सोडला तरी ते फेडायचे होते. आपण शुल्काच्या अर्जावर सही करतो आहोत असे समजून मुले कर्जाच्या करारावर सही करतात. डिजिटल कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या नियमांनी कर्ज देणाऱ्याला मुख्य अटींचे पत्रक देणे आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाविना कर्जातून बाहेर पडू देणे बंधनकारक केले आहे. ते पत्रक मागायला कोणाची लाज वाटायचे कारण नाही.

मग दुसरे मार्ग पाहिले. एमसीए हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला आहे, पण अनेक ठिकाणी त्याला बारावीत किंवा पदवीला गणित लागते. ते तिच्याकडे नव्हते. मद्रासच्या आयआयटीने २०२० साली जाहीर केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम मात्र कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना खुला आहे. दहावीत गणित आणि इंग्रजी असले पाहिजे आणि प्रवेशाआधी काही आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यावी लागते. पहिल्या टप्प्यानंतर प्रमाणपत्र, पुढे पदविका, मग पदवी, अशा पायऱ्यांवर थांबताही येते. याशिवाय 'स्वयम्' आणि एनपीटीईएल यांवर आयआयटीतील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क, आणि तेही थोडे. 'ओ लेव्हल' आजही आहे, फक्त ती घेणाऱ्या संस्थेचे नाव आता नायलिट आहे. तीन लाख खर्च करण्याआधी तीन महिने फुकट शिकून पाहावे. तीन महिन्यांत कंटाळा आला तर पाटल्या वाचल्या. गोडी लागली तर पुढचे पाऊल डोळसपणे टाकता येईल.

तिने एक अवघड शंका काढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून आज्ञावली यंत्रच लिहून देते. मग शिकायचे कशाला? यावर मी एवढेच सांगू शकले की, लिहून मिळालेल्या गोष्टीखाली सही कोणाची असणार, हा प्रश्न तेवढाच उरतो. २००६ साली मला कोणीतरी लिहूनच दिले होते. मला ते वाचता येत नव्हते. सुरुवातीच्या नोकऱ्या यापुढे सोप्या असतील असे मी तिला म्हटले नाही. वाचता येण्याला पर्याय निघालेला नाही, एवढे मात्र म्हटले.

मेहुण्यांना मी फोन करून सांगितले की मुलगी इतिहास सोडत नाही, त्यात भर घालते आहे. त्यांना ते पटले की नाही ठाऊक नाही. "बघू," असे म्हणाले. इंदूरच्या घरात हा शब्द बहुधा होकाराच्या जवळचा असतो. पाटल्या बहिणीच्या हातात आहेत.

भाचीने जानेवारीपासून विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केले. आता ती मद्रासच्या पहिल्या टप्प्यात आहे. गणिताने तिला रडवले आहे. एका विषयात ती पहिल्या वेळी नापास झाली, हे तिने घरी सांगण्याआधी मला सांगितले. मी माझी 'ओ लेव्हल'ची एक गुणपत्रिका तिला फोटो काढून पाठवली. तीही फारशी मिरवण्यासारखी नाही. सरावासाठी तिने एम. ए.च्या प्रबंधाकरिता गोळा केलेल्या सुमारे दोनशे मोडी पत्रांची सूची घेतली आहे. एसक्यूएलमध्ये तक्ता तिने स्वतः आखला.

परवा रात्री तिचा फोन आला. पत्रांवर तारखा शुहूर सनातल्या आहेत. ते वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी, बदलते. इसवी सन काढायचा तर कधी ५९९ मिळवावे लागतात, कधी ६००. काही पत्रांवर तिथी आहे पण सन नाही. तक्त्यात तारखेचा रकाना एकच, आणि तो रिकामा ठेवू नये असे तिने आधी ठरवून टाकले होते.

"मावशी, ज्यांना सन नाही त्यांना काय घालू?"

मी विचारले, "तुला काय वाटते?"

ती जराशी थांबली आणि म्हणाली, "पत्रावर जे लिहिले आहे त्याचा एक रकाना ठेवते, जसेच्या तसे. इसवी सनाचा वेगळा. आणि तो रिकामा ठेवायची मुभा देते."

मी म्हटले, तसेच कर. आणि जे रिकामे राहतील त्यांची यादी दर आठवड्याला काढून पाहत जा.